चाळीस वाव पाणी

अर्जुन चितारी, अर्जुनचा केसू, केसूचा भिवा आणि भिवाचा विश्राम. आमच्या खडपेबंदरात माणसाची ओळख अशी वरून खाली करून देतात, म्हणून मीही तशीच देते. पहिल्या तिघांनी सावंतवाडीच्या बाजूला लाकूड कातण्यात आणि लाखेच्या रंगाची खेळणी करण्यात जन्म घालवला. समुद्राशी त्यांचा कसलाही संबंध नव्हता. चौथा मात्र त्या सकाळी बंदराच्या टोकावर अनवाणी, माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते.

समोर पाण्यात, घोडखडपावर माझा मुलगा होता.

घोडखडप म्हणजे टोकापासून चाळीस वाव आत उभा असलेला काळा खडक. दोन्ही हात पसरले की एक वाव होतो, असे चाळीस. ओहोटीला तो घोड्यासारखी मान वर काढून असतो, रोजच्या भरतीला छातीपर्यंत बुडतो आणि अमावास्येच्या उधाणाला दिसेनासा होतो. तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा होता. सकाळचे नऊ वाजले होते. साडेअकराला खडकाचं टाळकं पाण्याखाली जाणार, हे बंदरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

जयवंत तेव्हा चोवीस वर्षांचा होता. "उद्या होडी काढायची नाही," असं मी त्याला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. माझ्या घरात एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगण्याची पाळी येत नसे. पण पहाटे घोळ माशांची हालचाल दिसली असं कुणीतरी सांगितलं, आणि तो अंतू कुबलला घेऊन गेला. सातच्या सुमारास बाहेरून एक भिंतीएवढी लाट आली. होडीच्या फळ्या झाल्या. दोघं कसेबसे खडकावर चढले. अंतूचा पाय मोडला होता. जयवंत त्याला काखेत धरून उभा होता, आणि एवढ्या अंतरावरूनही मला त्याच्या सदऱ्याचा रंग ओळखता येत होता.

यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. तीन होड्या, एक ट्रॉलर आणि वीस माणसं माझ्या शब्दावर चालत होती. त्या सकाळी मात्र पाणी माझ्या शब्दावर चालत नव्हतं.

बंदरातले सर्वांत जुने तांडेल मेतरकाका दोनदा होडी घालून पाहून आले. दोन्ही वेळा लाटेने होडी उचलली आणि वाळूवर आणून टाकली. दुसऱ्यांदा दोन वल्ही मोडली. काका धोतर पिळत माझ्यापाशी आले.

"सुभद्रा, होडी जावची नाय आता. दोर जावक होयो."

"दोर कसो जातलो, काका?"

"हातान टाकलो तर दहा वाव. गरीवाल्यांची काठी होयी. काठीन शिसां फेकूचां, शिशामागसून तंगूस जातलो. थयसून पोरां तंगूस ओढतली. तंगुसाक सुतळी, सुतळेक दोर."

गळाने मासे धरणारे आमच्याकडे त्या नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याला तंगूस म्हणतात. एवढ्याशा दोऱ्यावर दोन माणसांचे जीव ओढून आणायचे होते.

"काठये आसत," काका म्हणाले. "पण तेवडां लांब फेकणारां रीळ बंदरात दोघांकडेच आसा. एक तुज्या पुतण्याकडे, जपानचां. आणि दुसरां..."

ते थांबले. ते का थांबले हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तेव्हा वाचणाऱ्यालाही ठाऊक असावं.

मी सतराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आले. त्याच वर्षी भिवा चितारी आमच्या जत्रेत खेळणी विकायला आला होता. त्याचा चौदा वर्षांचा विश्राम याच टोकावर कालवं बघायला उतरला आणि लाटेने नेला. माझे मामंजी, धाकू तांडेल, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले. त्यांनी त्याला खडपावर ढकललं, पण स्वतःचा पाय वर ठेवण्याआधी पुढची लाट आली. ते तिसऱ्या दिवशी सापडले. सासूबाई उंबऱ्यावर उभ्या राहून एवढंच बोलल्या, "ज्या पोरापायी माजां घर बुडालां, तेच्या हातचां पाणीसुदा हय येवचां नाय." पुढे त्या गेल्या, पण जाताना तो शब्द माझ्या ओटीत घालून गेल्या, आणि दिलेला शब्द मोडणारी मी नव्हे.

विश्राम दोन वर्षांनी परत आला आणि मग कधीच गेला नाही. बर्फाच्या कारखान्यामागे त्याने एक खोली घेतली, लेथ बसवला, आणि खेळणी सोडून गरीवाल्यांसाठी रिळं करू लागला. शिवणीच्या लाकडाची ताटलीएवढी चक्री, मधे पितळेचा आस, कडेला मूठ. ते त्याने कुणाकडून शिकून घेतलं नव्हतं. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो एक नवं रीळ आमच्या पायरीवर ठेवून जाई, आणि दरवर्षी मी ते गड्याच्या हाती परत पाठवी. भांडण नव्हतं, बोलणं नव्हतं. रीळ यायचं आणि रीळ जायचं. अशी एकोणतीस वर्षं झाली होती.

"रघुवीराचां घेवा," मी म्हटलं.

मेतरकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग विश्रामकडे पाहिलं, आणि बाजूला झाले.

रघुवीर माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. बोटीवर इंजिनिअर होता आणि रजेवर आला होता. त्याने रीळ आणलं तेव्हा लोक नकळत पुढे सरकले. काळंभोर, चकचकीत, मुठीत मावेल एवढं. फिरवलं तर घड्याळासारखा आवाज.

"काकी, चिंता करू नको. ह्यां साठ वाव आरामात जाता," तो म्हणाला. मग विश्रामच्या हातातल्या लाकडी चक्रीकडे पाहून त्याला राहवलं नाही. "विश्रामदा, तुमचो भवरो ठेवा बाजूक. आज खेळण्याचो दिवस नाय."

एकदोघं हसले. विश्राम हसला नाही आणि रागावलाही नाही. तो त्या जपानी रिळाकडे पाहत होता.

रघुवीरने पहिलं शिसं फेकलं ते वाऱ्याने दक्षिणेला नेलं. दुसरं त्याने वारा धरून फेकलं. ते खरोखर एखाद्या पाखरासारखं गेलं, घोडखडपावरून पलीकडे पडलं, आणि जयवंतने हात उंचावला. त्याच्या हातात तंगूस होता. बंदरावर गजर झाला. मी खडपावर बसले.

तंगुसाला सुतळी बांधली. जयवंत ओढू लागला. सुतळी दहा वाव गेली, वीस वाव गेली. तेवढ्यात लाट आडवी आली आणि दोरा खडकाच्या कुशीला घासला. ती कूस खालपासून वरपर्यंत कालवांनी भरलेली आहे, आणि कालवाची धार पात्यासारखी असते. केसाएवढा दोरा तो, किती टिकणार? सुतळी ढिली पडली. लाटेबरोबर ती आमच्याच पायाशी परत आली.

रघुवीर रिळाकडे बघत राहिला. "तंगूस संपलो, काकी. दहा वाव उरलो आसा."

"विश्रामाचो जाडो तंगूस ह्या रिळार भर."

"ही चक्री ल्हान. जाडो तंगूस हेच्यार वीस वावांच्या वर मावणा नाय." त्याचा आवाज खाली आला होता. बोटीवरचा साहेब त्याच्या अंगातून निघून गेला होता.

दहा वाजले होते. पाणी जयवंतच्या गुडघ्याला लागत होतं.

मी उठले. वळले. त्या दहा पावलांना जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मला आयुष्यात कुठेही चालायला लागलेला नाही.

"विश्राम."

त्या माणसाचं नाव मी त्याच्यासमोर प्रथमच घेत होते. तो पंचेचाळीस वर्षांचा झाला होता. कानशिलावरचे केस पांढरे होते.

"वैनीनू."

"तुजां रीळ होयां माका. मी मागतंय."

"तुमी मागूचां नाय, वैनीनू," तो म्हणाला. "तुमी सांगूचां."

तो टोकावर गेला. त्याने काठी मागे घेतली आणि सगळ्या अंगाने फेकली. लाकडी चक्री गरगरली, तिचा घुमणारा आवाज वाऱ्यावर ऐकू आला, आणि शिसं पंचवीस वावांवर पडलं. दुसऱ्यांदा त्याने आणखी जोर लावला. चक्री भलत्याच वेगाने फिरली, शिसं थांबलं तरी ती थांबेना, आणि तंगुसाचा गुंता होऊन त्याच्या मनगटावर बसला. लोक चुळबुळले. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

विश्रामने शांतपणे गुंता सोडवला आणि मला म्हणाला, "वैनीनू, माजां रीळ पोचूचां नाय."

एकोणतीस वर्षं जो माणूस आपलं रीळ माझ्या दारात ठेवत आला, त्याने हे वाक्य सगळ्या बंदरासमोर आवाज न बदलता उच्चारलं. मी काही म्हणण्याआधीच तो रघुवीरकडे वळला होता.

"बाबा, तुजां जरा दाखय."

"आता काय बघतास, विश्रामदा? येळ खय आसा?"

"रघू, दी तेका," मी म्हटलं.

विश्राम खडपावर मांडी घालून बसला. ते रीळ त्याने पदरात मूल घ्यावं तसं घेतलं. मूठ फिरवली, पुढची तार बोटाने उघडली, उरलेल्या तंगुसाचं टोक चिमटीत धरून हळूच ओढलं. पुन्हा ओढलं. बाजूला समुद्र गर्जत होता, माझा मुलगा बुडत होता, शंभर माणसं त्याच्या डोक्यावर वाकून उभी होती, आणि त्या माणसाला त्यातलं काही दिसत नव्हतं. गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हाचे लोकांचे चेहरे मी पाहिले आहेत. तसा त्याचा चेहरा झाला होता.

"ही फिरणा नाय," तो पुटपुटला. "अगो माये. फेकताना ही फिरणाच नाय!"

"म्हणजे काय?" रघुवीरने विचारलं. तीन वर्षं ते रीळ त्याच्याकडे होतं.

"बघ. माजी चक्री आडवी बसता. तंगूस जाताना तिका सोबत फिरवूक लागता. अर्दो जोर थयच जाता. आणि ही? ही तोंड फुडे करून गप बसता. तंगूस तिच्या तोंडावरसून वेटोळ्यान सुटता, आंब्याची साल सुटता तसो. कोणाक ओढूचो नाय, कोणाक फिरवूचो नाय." त्याने ते रीळ कपाळाला लावलं. "ज्यानी ह्यां केल्यान, तेचे हात बघूक होये होते."

"मग आता?" मेतरकाकांनी विचारलं.

"मी चक्री चुकीच्या तोंडान बसवत इलंय, काका. एकोणतीस वर्सां. आता तोंड फिरवतंय."

त्याने कमरेची सुरी काढली. तिच्या टोकाने आपल्या रिळाच्या बैठकीचे दोन पितळी स्क्रू सोडवले. चक्री काठीपासून वेगळी केली, पाव वळसा फिरवली, तिचं सपाट तोंड काठीच्या शेंड्याकडे केलं आणि तशीच काठीवर टेकवली. "धर," तो रघुवीरला म्हणाला. रघुवीर, जो तासाभरापूर्वी तिला भोवरा म्हणाला होता, गुडघे टेकून बसला आणि काठी दोन्ही मांड्यांत घट्ट धरली. विश्रामने ओल्या सुतळीचे वेढे घातले, प्रत्येक वेढा दातांनी खेचून. सुतळीने त्याची बोटं कापली. त्याने चक्रीच्या कडेवरून हात फिरवला, एके ठिकाणी थांबला, सुरीने तिथलं लाकूड नखाएवढं तासलं, पुन्हा हात फिरवला, आणि उठला.

या सगळ्याला किती वेळ लागला असेल? मेतरकाका म्हणत, विडा लावायला लागतो तेवढा. मला तो कधीच मोजता आला नाही.

पाणी जयवंतच्या कमरेला होतं. अंतूला त्याने खांद्यावर घेतलं होतं.

विश्राम टोकाच्या शेवटच्या दगडावर गेला. तिथे कुणी उभं राहत नाही. त्याने वाऱ्याकडे तोंड केलं, वाट पाहिली, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. मग काठी फिरली.

मी सगळं आयुष्य समुद्राकाठी काढलं आहे. रात्री पेटल्यासारखं चमकणारं पाणी मी पाहिलं आहे, आणि होडीपेक्षा लांब मुशी मासळी होडीखालून शांतपणे जाताना पाहिली आहे. पण त्या सकाळी जे पाहिलं, त्यापुढे माझे हात आपसूक जोडले गेले. ती लाकडी चक्री जराही हलली नाही. तिच्या तोंडावरून तंगूस वेढ्यामागून वेढा सुटत गेला, आवाज न करता, आणि शिसं वर चढत गेलं, चढतच गेलं, आणि वाऱ्याने त्याला हातदेखील लावला नाही. लाटांच्या त्या पांढऱ्या कल्लोळावरून एक बारीक रेघ ओढली गेली, आमच्या पायांपासून माझ्या मुलापर्यंत. शिसं घोडखडपाच्या पलीकडे पडलं, आणि तंगूस जयवंतच्या छातीवर.

"ओढ!" मी ओरडले. ते त्याला ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं. पण तो ओढू लागला.

जाडा तंगूस कालवांवर घासला आणि टिकला. सुतळी गेली. सुतळीमागून दोर गेला, माणूस तरंगावा म्हणून त्याला बांधलेले दोन रिकामे डबे गेले. जयवंतने दोर अंतूच्या काखेतून घालून बांधला. मेतरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. आधी कोण, हे मी बोट वर करून सांगू शकले असते, आणि माझ्या मुलाने ते ओळखलंही असतं. मी बोट वर केलं नाही. मोडक्या पायाच्या माणसाला आधी पाठवायचं, हे मीच त्याला लहानपणापासून शिकवलं होतं.

वीस माणसांनी अंतूला ओढून आणला. दोराच्या मागच्या टोकाला सुतळी लावलेली होती; जयवंतने ती धरून दोर परत आपल्याकडे नेला. त्याने तो कमरेला बांधला तेव्हा घोडखडप दिसत नव्हता. पाण्यात फक्त माझ्या मुलाचं डोकं होतं.

ओढताना तो तीनदा दिसेनासा झाला. तिसऱ्यांदा तो वर आला तो टोकाच्या अगदी खाली, जिथे कपार आहे आणि पाणी घुसळतं. तिथून माणूस दोराने वर येत नाही, दगडावर आपटतो. कुणीतरी खाली उतरून त्याला हाताने घ्यावं लागतं. दगड कुठला, जागा कुठली, हे मला कुणी सांगायला नको होतं. एकतीस वर्षांपूर्वी मामंजींनी एका पोराला तिथूनच वर ढकललं होतं.

विश्रामने काठी रघुवीरच्या हातात दिली आणि उतरला.

त्याने जयवंतला दंडाला धरलं, पोटाखाली खांदा घातला आणि वर लोटला. माणसांनी जयवंतला उचलला. माझा मुलगा माझ्या पायाशी पाणी ओकत होता, जिवंत होता, आणि मला खाली वाकून त्याला मिठीत घ्यायचं होतं. पण मी समुद्राकडे पाहिलं. पुढची लाट उभी राहिली होती. विश्रामचा एक पाय दगडावर होता आणि एक पाण्यात.

मी पोटावर आडवी झाले. लुगडं, वय, मान, कशाचीही आठवण मला झाली नाही. हात खाली घातला. "हात दी, मेल्या! हात दी!"

त्याने वर पाहिलं. क्षणभर तो थांबला. खरोखर थांबला, जणू परवानगी आहे की नाही हे त्याला समजत नव्हतं. मग त्याचा कापलेला, रक्ताळलेला हात माझ्या हातात आला. रघुवीरने माझे पाय धरले, मेतरकाकांनी रघुवीरची कंबर धरली, आणि लाट फुटली तेव्हा विश्राम चितारी वर होता.

आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो. जयवंत माझ्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत होता. विश्राम जरा दूर बसला होता. त्याने ते जपानी रीळ शोधून आपल्या कोरड्या राहिलेल्या उपरण्याच्या टोकाने पुसलं आणि रघुवीरला दिलं.

"उत्तम वस्तू आसा. संबाळून ठेव," तो म्हणाला.

"तुमचां दिया माका, विश्रामदा," रघुवीर म्हणाला. "ह्यां तुमी घेवा."

"आता माका हेची गरज नाय. माका समाजलां." त्याने मान खाली घातली. मग माझ्याकडे न पाहता बोलला, "वैनीनू, थोरल्या तांडेलांचां..."



"फिटलां," मी म्हटलं.

"पुरां?"

त्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार सासूबाईंचा होता. त्या नव्हत्या, तेव्हा तो माझा होता. मी जयवंतचं डोकं मांडीवरून अलगद खाली ठेवलं आणि उभी राहिले. सगळ्या बंदराला ऐकू जावं आणि पुढे कुणी पुन्हा विचारू नये, म्हणून मी माझ्या नेहमीच्या आवाजात, स्पष्ट सांगितलं:

"पुरां फिटलां, विश्राम. धाकू तांडेलाच्या घराचां तुज्याकडे आता कायएक येणां नाय."